रेल्वेचे जुने सिलीपाट आणि वाडीची बांधणी

पनवेल तालुक्यांतील कळंबोली येथें लोखंडाचा मोठा बाजार वसल्यापासून त्याच्या आसपास जुन्या मालाचे धंदेहि वाढले आहेत. पत्रे, सळया, बोल्ट, जुन्या साखळ्या यांच्या जोडीला कधीं कधीं काळपट, जाड व अवजड अशा लांकडी तुळ्या रचून ठेवलेल्या दिसतात. आगगाडीच्या रुळांखालीं आडवे घालावयाचे स्लीपर ते हेच. गँगमन मंडळींच्या तोंडीं त्यांचें नांव सिलीपाट असें असून आपणहि या लेखांत तेंच वापरूं. शहरांतील बंगल्यांच्या बागांतून हे सिलीपाट पायऱ्यांस, फुलझाडांच्या वाफ्यांस व बसावयाच्या ओट्यांस लावण्याची आवड वाढली आहे. आणि त्यांचें पाहून आपल्यापैकीं कित्येक बागाईतदारहि ते वाडीकरितां नेऊं लागले आहेत. हें लांकूड कुजत नाहीं, त्यास वाळवी लागत नाहीं, आणि तें स्वस्त पडतें, एवढें ऐकून घेणाऱ्याचें समाधान होतें. यांपैकीं पहिलीं दोन विधानें अर्धवट खरीं आहेत. तिसरें हिशेब केल्यावांचून ठरत नाहीं. आणि जें विकणारा सांगत नाहीं तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं हा माल मीं स्वतः घेतला व त्यांत चुकलों, म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

दोन रूळ ठराविक अंतरावर धरून ठेवणें आणि गाडीचा भार खालच्या खडीवर पसरून देणें हें सिलीपाटाचें काम. रुंदमापी मार्गावरील लांकडी सिलीपाट ९ फूट लांब, १० इंच रुंद व ५ इंच जाड असतो. मीटरमापी मार्गाचा ६ फूट लांब, ८ इंच रुंद व साडेचार इंच जाड. आणि अडीच फुटी अरुंद मार्गाचा ५ फूट लांब, ७ इंच रुंद व साडेचार इंच जाड. रुंदमापी सिलीपाटांत ३ घनफुटांहून थोडें अधिक लांकूड असतें, आणि तो सालाचा असल्यास त्याचें वजन ७० ते ८० किलो भरतें. दोन गडी असल्याशिवाय त्यास हात घालूं नये. कंबर दुखावल्यास स्वस्ताईचा हिशेब तेथेंच संपतो.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही गाडी सुरू झाली, आणि पुढें रूळ जसजसे लांबत गेले तसतशी या लांकडाची भूक वाढत गेली. एका मैलास सुमारें २००० सिलीपाट लागत. हिमालयांतून देवदार नद्यांतून वाहवीत आणिला गेला, सालाचीं व सागाचीं रानें तुटलीं, आणि तरीहि पुरवठा कमी पडून विलायतेहून तेल पाजलेलें पाइनचें लांकूड जहाजांतून येऊं लागलें. १८६४ सालीं डिट्रिच ब्रँडिस यांची हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर जनरल म्हणून नेमणूक झाली, तिच्यामागेंहि लांकडाची ही टंचाई होतीच. महसुली दप्तरांत ज्यांनीं गांवचे नकाशे हाताळले आहेत त्यांस ‘राखीव वन’ ही रेघ ओळखीची आहे; तिच्या उगमाशीं रुळांखालच्या लांकडाचा जवळचा संबंध आहे. पुढें बिडाचे व पोलादाचे सिलीपाट आले, त्यानंतर काँक्रीटचे आले. १९९२ पासून मीटरमापी व अरुंदमापी मार्ग रुंद करण्याचें धोरण रेल्वेनें हातीं घेतलें, तेव्हां या बदलांत लांकडी सिलीपाट उखडले जाऊन लिलावांत निघाले. अर्थात् आज बाजारांत जो लांकडी सिलीपाट मिळतो तो बहुधा आपलें आयुष्य रुळाखालीं घालवून आलेला असतो. तेथें त्याचें आयुष्य सामान्यतः १२ ते १५ वर्षें धरीत. म्हणजे आपण घेतों तें लांकूड एक नोकरी पुरी करून निवृत्त झालेलें आहे, हें घेतेवेळीं विसरूं नये.

आतां मुख्य मुद्दा. सिलीपाटांच्या दोन जाती आहेत, आणि दोन्ही एकाच ढिगांत मिसळलेल्या असतात. साल, साग यांसारख्या कठीण झाडांचें गाभ्याचें लांकूड स्वभावतःच टिकाऊ असतें. तें औषध न लावितां तसेंच रुळाखालीं घालीत. उलट चीड, कैल अशीं मऊ लांकडें उघड्यावर लौकर कुजतात, म्हणून त्यांस क्रिओसोट नांवाचें डांबरी तेल पाजीत. दगडी कोळशापासून कोक करितांना डांबर निघतें, आणि तें डांबर तापवून त्याची वाफ थंड केली असतां जीं जड तेलें मिळतात त्यांपैकींच हें एक होय. जॉन बेथेल या इंग्रज गृहस्थानें १८३८ सालीं लांकूड बंद नळकांड्यांत घालून हें तेल दाबानें आंत शिरविण्याचें पेटंट घेतलें. आपल्या देशांत पंजाबांतील ढिलवान, आसामांतील नाहरकटिया इत्यादि ठिकाणीं रेल्वेचे असे कारखाने होते. तेथें क्रिओसोटांत इंधनाचें तेल मिसळून तें लांकडांत भरीत. हें तेल बुरशीस मारक, वाळवीस मारक, आणि म्हणूनच इतर जिवांसहि निरुपद्रवी नव्हे.

मला हें ठाऊक नव्हतें. आमच्या घरामागें थोडी परसबाग आहे. जमीन चिकण, आणि पावसाळ्यांत पाणी साचून भाजीपाल्याचीं मुळें कुजत, म्हणून उंच वाफे करण्याचें मनांत होतें. १२ सिलीपाट आणिले. ९ फूट लांब व साडेचार फूट रुंद अशा वाफ्याच्या एका थरास तीन सिलीपाट लागतात. दोन थर व दोन वाफे, मिळून बरोबर बारा झाले. ढिगांत सहा सिलीपाट काळेभोर व सहा तांबूस करडे होते. रंग जुळावा एवढ्याच हेतूनें काळे एका वाफ्यास व तांबूस दुसऱ्यास लाविले. या नीटनेटकेपणामुळें नकळत एक प्रयोगच मांडला गेला.

दोन्ही वाफ्यांत एकाच ठिकाणची माती, एकच शेणखत. दसऱ्यानंतर एकाच दिवशीं मेथी, कोथिंबीर व मुळा पेरला. तांबूस वाफ्यांत रोपें कडेपर्यंत सारखीं उगवलीं. काळ्या वाफ्यांत मध्यभागीं ठीक होतीं, परंतु लांकडालगतच्या चार बोटांच्या पट्ट्यांत कांहीं उगवलींच नाहींत, व जीं उगवलीं त्यांचीं पानें करपल्यासारखीं झालीं. मीं पाणी कमी पडलें असें समजून दुप्पट पाणी दिलें. कडेचा मुळा उपटला तेव्हां त्यास डांबराचा वास येत होता. तरीहि डोळे उघडले नाहींत. पुढें एप्रिलच्या उन्हांत काळ्या लांकडांतून घामासारखे तेलाचे थेंब बाहेर आले. माझी सात वर्षांची नात दुपारीं त्याच कडेवर बसून खेळत होती. संध्याकाळीं तिच्या मांड्यांवर व हातांवर लाल चट्टे उठले व आग होऊं लागली. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो हा कीं, मुलीनें डांबरास हात लावला होता काय? हें तेल अंगास लागून वर ऊन पडलें म्हणजे कातडी भाजल्यासारखी होते, हें मला त्या दिवशीं कळलें. चट्टे आठवड्यांत गेले. परंतु घरांतील मंडळींनीं मला जें ऐकविलें तें अद्याप गेलें नाहीं.

त्यानंतर मीं चौकशी केली. रेल्वेच्या मार्गखात्यांतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यानें येऊन पाहतांक्षणींच सांगितलें कीं, काळे सहा तेल पाजलेल्या चिडाचे असून तांबूस सहा कोऱ्या सालाचे आहेत. लंडनमधील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालींच दाखविलें होतें कीं, धुराडीं साफ करणाऱ्या मुलांस काजळीपासून कर्करोग होतो. कोळशाच्या डांबरांतहि त्याच कुळांतील द्रव्यें आहेत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें क्रिओसोटास ‘मनुष्यास बहुधा कर्करोगकारक’ या वर्गांत घातलें आहे, आणि त्यांत असणारें बेंझोपायरीन हें द्रव्य तर निश्चित कर्करोगकारक ठरलें आहे. युरोपीय संघानें २००१ सालच्या नियमांनीं असें तेल पाजलेलें जुनें लांकूड घराच्या आंत, खेळण्यांत, मुलांच्या क्रीडांगणांत, आणि जेथें अंगाशीं वारंवार संबंध येतो अशा बागांत वापरण्यास मनाई केली. तसेंच खाण्याचीं पिकें वाढविण्याच्या पेट्यांसहि. तिकडे ही मनाई होऊन इतकीं वर्षें लोटलीं असतां आपल्याकडे तोच माल शोभेचा म्हणून विकला जातो.

यावरून एक पान खाल्ल्यानें माणूस मरेल असें कोणीं समजूं नये. पिकाच्या मुळांवाटें हें तेल फारसें आंत चढत नाहीं. तें मुख्यतः मुळ्या-रताळ्यांच्या सालीस व लगतच्या मातीस लागतें. खरा धोका रोज हात लागण्याचा, कापतांना भुसा नाकांत जाण्याचा, आणि जाळल्यास धुराचा आहे. आंतून प्लास्टिकचा कागद लाविला म्हणजे झालें, असें कांहीं विक्रेते सांगतात. कागद कुदळीच्या पहिल्याच फटक्यानें फाटतो, आणि बसणाऱ्याच्या मांडीखालीं तो नसतोच. वरून रंग दिला तर एका उन्हाळ्यांत तेल रंगातून वर येतें.

तेव्हां खरेदीपूर्वीं ओळख पटविणें अवश्य आहे. नुसत्या रंगावर जाऊं नये, कारण कोरा सालहि वर्षानुवर्षें इंजिनाचें वंगण सांडून काळा पडतो. सुताराकडून वाकसानें एक पातळ ढलपी काढवावी, व गिरमिटानें मध्यावर दोन इंच खोल भोंक पाडून भुसा हातमोजा घालून पाहावा. भुसा तांबूस-तपकिरी, कोरडा व बिनवासाचा निघाला, आणि लांकूड दगडासारखें कठीण लागलें, तर तो बहुधा साल. भुसा वरच्या भागांत काळा व चिकट, आंत फिकट पिवळा, आणि नाकांत झोंबणारा डांबरी वास असला तर तो तेल पाजलेला समजावा. वंगणाचे डाग जेथें रूळ बसतो त्या दोन ठिकाणींच दाट असतात, आणि तेल पाजलेला सिलीपाट टोकापासून टोकापर्यंत सारखा काळा असतो. शक्य तर भर दुपारीं जावें. उन्हांत वास लपत नाहीं. संशय राहिल्यास तेल पाजलेला आहे असेंच धरून चालावें.

कोरा साल निघाला तरी पहारीनें ठोकून पाहावा. बद्द आवाज आला तर आंत पोकळ आहे. खिळ्यांचीं भोंकें फार झालेलीं असल्यास त्यांत पाणी मुरून लांकूड तेथूनच कुजतें. तीं कोरड्या लांकडाच्या खुंट्या ठोकून बुजवावीं. कडेचें फिकट लांकूड वाळवी खाते, गाभा खात नाहीं. म्हणून फिकट भाग तासून टाकावा. आणखी एक गोष्ट सांगावयाची ती थोडी किळसवाणी आहे. पूर्वीं गाड्यांतील शौचकूपांची घाण थेट रुळांवर पडत असे. आणिलेला कोणताहि सिलीपाट एक पावसाळा उघड्यावर धुऊं द्यावा, व नंतर कडक ब्रशानें घासून उन्हांत वाळवावा. आंत मोडलेले खिळे राहिलेले असतात. करवत लावण्यापूर्वीं ते शोधावे, नाहींतर करवतीचे दांत जातात.

आतां बांधणीकडे वळूं. सिलीपाट सर्वांत शोभतो व उपयोगी पडतो तो उताराच्या वरकस जमिनींत, पायऱ्यांना व बुटक्या बांधांना. आपल्या भागांत पाऊस १०० इंचांच्या घरांत पडतो, आणि भिजलेल्या मातीचा एक घनफूट ५० किलोंहून अधिक भरतो. ही माती बांधास रात्रंदिवस पुढें ढकलीत असते. म्हणून सिलीपाट नुसते एकावर एक रचून भागत नाहीं. प्रथम ६ इंच खोल चर खणावा, त्यांत खडी घालून धुमसानें चांगली ठोकावी, आणि पहिला थर निम्मा जमिनींत राहील असा आडवा बसवावा. दुसऱ्या थराचे सांधे विटांच्या बांधकामाप्रमाणें पहिल्याच्या सांध्यांवर येऊं देऊं नयेत. प्रत्येक टोकापासून एक फुटावर गिरमिटानें भोंक पाडून त्यांतून चार सुती सळई घणानें खालीं ठोकावी. दोन थरांस ३ फुटी सळई घ्यावी. १० इंच लांकडांत राहून उरलेली २६ इंच खडीखालच्या जमिनींत जाते. कळंबोलीच्या बाजारांत सळईचे तुटके तुकडे वजनावर मिळतात, ते या कामास पुरे होतात. बांधाचा कल मातीकडे असावा. फुटास एक इंच पुरे.

बांधामागें वीतभर रुंदीचा डबराचा व खडीचा पट्टा ठेविल्याशिवाय माती भरूं नये. सांध्यांत अर्धा इंच फट ठेवावी, म्हणजे पाणी वाट काढून बाहेर पडेल. बहुतेक बांध पाण्याला वाट न ठेविल्यामुळें कोसळतात, आणि दोष मात्र लांकडास दिला जातो. वरच्या बाजूस एक उथळ चर काढून डोंगराचें पाणी बाजूस वळवावें. तीन थर, म्हणजे सव्वा फूट उंचीपर्यंत, एवढी व्यवस्था पुरते. त्याहून उंच करावयाचा तर दर ६ फुटांवर अर्धा सिलीपाट बांधास काटकोनांत, टोंक डोंगरांत पुरून, बसवावा व सळईनें जोडावा. तो नांगरासारखा बांधास मागें धरून ठेवतो. अडीच फुटांवर उंची गेली म्हणजे लांकडाचा नाद सोडून दगडी बांध घालावा, असें माझें स्पष्ट मत आहे. पनवेलच्या आसपास काळ्या दगडाच्या खाणी आहेत व डबर जवळ मिळतो. सिलीपाटाची किंमत, गाडीभाडें, हमाली व सळई मिळून धांवत्या फुटास काय पडतें तें काढावें, आणि मग गवंड्यास विचारावें. पुष्कळ वेळां दगडच स्वस्त पडतो, आणि तो नातवंडांच्या काळींहि उभा असतो.

पायऱ्यांस मात्र सिलीपाटासारखी वस्तु नाहीं. ५ इंचांची चढ वृद्ध माणसासहि सोयीची, आणि १० इंच लांकडामागें चार-पांच इंच मुरूम ठोकला म्हणजे पाऊल पुरतें बसतें. पावसाळ्यांत शेवाळ येऊन त्या निसरड्या होतात, म्हणून वाकसानें आडव्या खांचा पाडाव्या. पाटावरून माणसांस व ढकलगाडीस जाण्यापुरते दोन-तीन सिलीपाट टाकिले तर चांगला साकव होतो. भरलेल्या ट्रॅक्टरखालीं ते घालूं नयेत, कारण रूळ बसविण्याच्या खांचांपाशीं लांकूड आधींच दुबळें झालेलें असतें.

तेल पाजलेले सिलीपाट घरीं येऊन पडलेच असतील तर ते गाडीवाटेच्या कडेस, कुंपणालगत, जेथें कोणी बसत नाहीं व खाण्याचें कांहीं पिकत नाहीं अशा जागीं घालावे. विहिरीच्या काठास, गव्हाणीस, कोंबड्यांच्या खुराड्यास ते लावूं नयेत. तळ्यांतहि नकोत, कारण हें तेल माशांस विष आहे. खाडीकांठच्या खारजमिनींतील बंधूंस विशेष सांगणें आहे. उघाडीच्या फळ्या समुद्री किडा पोखरतो म्हणून तेल पाजलेलें लांकूड तेथें वापरण्याचा मोह होतो, आणि लांकूड टिकेलहि. परंतु त्याच पाण्यावर आपलीं कोळंबी व निवट्या जगतात. आणि चुलींत किंवा न्हाणीच्या बंबाखालीं तर ते कदापि जाळूं नयेत. त्यांची राखहि माडांच्या आळ्यांत टाकूं नये.

शेवटीं कागदाविषयीं, कारण त्यांत मीं सारी हयात घालविली आहे. रेल्वेचा निकामी माल लिलावानेंच बाहेर पडतो. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियमाखालीं, चोरीचा असल्याचा वाजवी संशय येईल असा रेल्वेचा माल ज्याच्याजवळ सांपडतो त्यानेंच तो रीतसर मिळविल्याचें सिद्ध करावें लागतें, आणि पहिल्याच गुन्ह्यास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सिलीपाटाच्या टोकावर बहुधा हातोड्यानें उठविलेली खूण असते, त्यामुळें तो रेल्वेचा नव्हे असें म्हणतां येत नाहीं. म्हणून विक्रेत्याकडून नग, माप व तारीख घातलेली पक्की पावती घ्यावी, आणि त्याच्या लिलावाच्या कागदाची नक्कल मागावी. जो देण्यास कांकूं करील त्याचा माल तेथेंच सोडावा. लांकूड सागाचें असल्यास हलविण्यापूर्वीं वनखात्याच्या जवळच्या कार्यालयांत वाहतुकीच्या पासाविषयीं विचारून घ्यावें.

माझ्या वाफ्यांपैकीं तांबूस सालाचा अजून उभा आहे व त्यांत यंदा वांगीं आहेत. एका कोपऱ्यांत, जेथें फिकट लांकूड तासावयाचें राहिलें होतें, तेथें वाळवी लागली आहे. काळा वाफा मोडून लगतची वीतभर माती काढून मेंदीच्या कुंपणाखालीं टाकिली, आणि त्या जागीं डबराचा वाफा बांधिला. ते सहा सिलीपाट फाटकाजवळ गाडीवाटेच्या कडेस पुरले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत ते अजूनहि घाम गाळतात, म्हणून त्यांच्यावर दर वर्षीं मुरमाचा थर टाकतों.